एक आमेन जास्तीचं

भिवंडीत शांतता मिळते ती शुक्रवारी, आणि तीही लूम बंद असतात म्हणून. बाकीचे सहा दिवस नारपोलीच्या गल्ल्यांत खटाक-खटाक चालू असतं. कपातला चहा हलतो, भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, आणि माणसं घरी गेल्यावरही बायकोशी ओरडूनच बोलतात. म्हणून मैनाबाईंची ख्रिस्ती मंडळी उपासनेला रविवारी न जमता शुक्रवारी सकाळी जमायची. जागा मोहिउद्दीन शेठच्या कारखान्याचा वरचा मजला, जिथे पूर्वी कापडाचे तागे घडी करून ठेवत. तिथे चटया अंथरायच्या, भिंतीवर लाकडी क्रूस टांगायचा, आणि खाली चोवीस लूम गप्प उभे असताना वर गाणी म्हणायची. मंडळी म्हणजे मोजून अठरा माणसं. देव डोकी मोजत नाही, असं पास्टर सागर नेहमी म्हणत. अठराच डोकी असल्यावर दुसरं काय म्हणणार.

फेब्रुवारीत अठराची सतरा झाली. आणि त्याच्या पुढच्याच शुक्रवारपासून सतरा माणसांच्या प्रार्थनेला अठरा आमेन येऊ लागले.

ते अठरावं आमेन कुणाचं, हे मैनाबाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच त्यांनी ते कुणाला विचारलं नाही.

मैनाबाई मूळच्या राहनाळच्या, लग्न होऊन नारपोलीत आलेल्या, आता अठ्ठावन्न वर्षांच्या आणि विधवा. माहेरी दोन भाऊ. थोरला बाळाराम आणि धाकटा नवशा. बारा वर्षांपूर्वी मैनाबाई विश्वासात आल्या, त्यांच्या पाठोपाठ नवशानं आणि त्याच्या बायकोनं, कमळनं, बाप्तिस्मा घेतला. बाळाराम गावदेवीचाच राहिला आणि त्या दिवसापासून नवशाच्या घरचं पाणी प्यायला नाही. मैना आणि कमळ या नणंद-भावजयांनी मोहिउद्दीन शेठकडे अठरा वर्षं कांड्या भरल्या होत्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या. दोघींची मशीनं समोरासमोर. असल्या सख्ख्या की बहिणी वाटाव्यात.

मैनाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण जीभ मोठी फटकळ. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की देवालासुद्धा मध्ये बोलायला जागा ठेवायच्या नाहीत. आपण बरोबर आहोत याची त्यांना इतकी खात्री असे, की समोरच्याला विचारणं म्हणजे वेळ फुकट घालवणं वाटे.

जानेवारीत नवशा छातीच्या दुखण्यानं गेला, आणि मंडळी एकोणीसची अठरा झाली. पास्टरांनी दफनाची सगळी सोय केली होती, पेटीसुद्धा सांगून ठेवली होती. आणि ऐन वेळी कमळनं नाही म्हटलं. नवशाला राहनाळच्या स्मशानात नेलं, बाळारामानं अग्नी दिला, आणि मैनाबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून लांब उभ्या राहिल्या. बाप्तिस्मा घेतलेला माझा भाऊ, आणि त्याला असं जाळलं. का, म्हणून त्यांनी कमळला विचारलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याला माहीतच आहे. गावाला घाबरली. एवढं ठरवून त्या सव्वा महिना गप्प बसल्या, आणि मैनाबाई गप्प बसल्या की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

उपासनेच्या शेवटी पास्टर विचारत, "कुणाची प्रार्थना विनंती?" मग एकेकानं डोळे मिटून सांगायचं. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाचा दारुडा जावई. पास्टर ते देवापुढे ठेवत आणि सगळे आमेन म्हणत. आमेन म्हणजे तसंच होवो, आमचीही त्यावर सही. पद्धत चांगली. पण आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे डोळे मिटूनही करता येतं, आणि त्यासाठी प्रार्थना विनंतीसारखी सोयीची जागा दुसरी नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी मैनाबाई उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, माझ्या भावजयीसाठी, कमळसाठी विनंती करते. गावाच्या भीतीनं तिनं तुझं लेकरू तुझ्यापासून हिसकावलं. नवऱ्याच्या मरणात तिनं तुला नाकारलं. तिला तिचं पाप दाखव, बापा. तिला शरम वाटू दे."

कमळ दोन हातांवर, लोखंडी खांबाला टेकून बसली होती.

पास्टरांनी ती विनंती जशीच्या तशी देवापुढे ठेवली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आणि सगळ्यांच्या मागून, अर्धा श्वास उशिरा, कमळसुद्धा म्हणाली, आमेन. बारा वर्षांची सवय. प्रार्थना संपली की तोंड आपोआप उघडतं, मग ती प्रार्थना आपल्याच विरुद्ध का असेना. त्यानंतर ती उठली, पदर सारखा केला, चपला हातात घेऊन जिना उतरून गेली. तिला कुणी थांबवलं नाही. मैनाबाईंना त्या दिवशी अगदी हलकं वाटलं, जेवणही दोन घास जास्त गेलं.

पुढच्या शुक्रवारी पास्टरांनी शेवटची प्रार्थना केली, सतरा जणांनी आमेन म्हटलं, आणि अर्धा श्वास उशिरा, खांबाच्या बाजूनं, आणखी एक आमेन आलं. बाईचा आवाज, जरासा खरखरीत, शेवटचा न नाकात जाणारा. मैनाबाईंनी डोळे उघडले. खांबाजवळ चटई होती. चटईवर कुणी नव्हतं.

एकदा झालं असतं तर कानांचा दोष म्हणता आलं असतं. अठरा वर्षं लूमच्या आवाजात काढल्यावर कान काहीही ऐकवतात. पण ते दर शुक्रवारी झालं. त्याच जागी, तेवढाच उशीर. चौथ्या शुक्रवारी मैनाबाईंनी प्रार्थनेत डोळे उघडेच ठेवले. कारखान्यात काम केलेल्या बाईला ओठ वाचायला शिकवावं लागत नाही. तिथे मशीन चालू असताना कुणी कुणाला आवाजानं हाक मारत नाही, ओठ हलवतात आणि समोरचा बघून समजून घेतो. मैनाबाईंनी चटयांवरचा एकेक चेहरा पाहिला. आमेनला सगळ्यांचे ओठ हलले, मिटले. सगळ्यांचे मिटल्यानंतर तो आवाज आला.

आणि तेव्हाच त्यांना दुसरं काहीतरी दिसलं. आवाज आला तेव्हा कुणीही वळून बघितलं नाही. अजिबात कुणी नाही. ऐकू न येणारी माणसं अशी मान ताठ धरून बसत नाहीत. म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं.

त्यानंतर मंडळीला एक नवी खोड लागली. आमेन लांबवायची. आधी झटकन म्हणून चपला शोधायला लागणारी माणसं आता "आ...मे...न" असं सूर लावून ओढत राहायची, म्हणजे मागून येणारं त्यात बुडून जावं. ते बुडायचं नाही. हे कितीही ओढोत, ह्यांचा श्वास संपला की ते अर्धा श्वास थांबून यायचंच. खांबाजवळच्या चटईवर कुणी बसत नव्हतं, आणि बसायचं नाही असं कुणी ठरवलंही नव्हतं. अंबरनाथहून आलेली एक पाहुणी एकदा अजाणता तिथे बसली, आणि पहिलं गाणं संपायच्या आत ओशाळून बाजूला सरकली. शेजारणीला म्हणाली, सॉरी हं, इथे कुणीतरी बसलंय ना.

एप्रिलमध्ये मोहिउद्दीन शेठ जुम्म्याच्या नमाजला निघता निघता पाण्याच्या मोटारीचं सांगायला वर आले. मंडळी पांगली होती, मैनाबाई चटया गुंडाळत होत्या. शेठ मोटारीचं सांगून झाल्यावर सहज म्हणाले, कमळबाई यायला लागल्या वाटतं परत, बरं झालं.

"कुणी सांगितलं?" मैनाबाईंनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? जिन्यात होतो ना मी, आवाज ऐकला त्यांचा. अठरा वर्षं 'शेठ, सूत संपलं' ऐकलंय, मी ओळखणार नाही?" जिन्याकडे वळता वळता ते थांबले. "लेकिन आवाज फार थकलाय हां मैनाबाई. जरा संभाळा त्यांना."

शेठ गेले. मैनाबाई हातातली चटई तशीच धरून उभ्या राहिल्या. आवाज थकलाय हे त्यांनाही कळलं होतं, फक्त त्या ते स्वतःशी कबूल करत नव्हत्या. फेब्रुवारीत भरलेला होता. मार्चमध्ये पातळ झाला. आता तो घासून घासून विटलेल्या कापडासारखा येत होता, आरपार दिसेल असा. मैनाबाईंची आई सांगायची, जितं माणूस एकीकडं आणि त्याचा आवाज दुसरीकडं ऐकू आला, म्हंजे समजावं त्याचं सुटायला लागलंय. आवाज संपला की माणूस संपलं. विश्वासात आल्यावर असल्या गोष्टी मानायच्या नसतात. मैनाबाई मानत नव्हत्याच. फक्त त्यांना झोप लागत नव्हती.

नवशा गेला तो गेला. आता कमळही जाईल, आणि जाताना तिच्या कानात आपलेच शब्द असतील, शरम वाटू दे. त्या तडक पास्टरांच्या खोलीवर गेल्या.

पास्टर सागर तिशीचा, मवाळ स्वभावाचा. कुणी रागावलं की यालाच घाम फुटायचा. मैनाबाईंनी जास्तीच्या आमेनचा विषय काढला मात्र, तो खालीच बसला. म्हणाला, पहिल्या दिवसापासून ऐकतोय मावशी, मला वाटलं माझंच मन मला खातंय. मैनाबाईंना तेवढ्यातही राग आला, की मग इतके दिवस बोलला का नाहीत. पण चोराच्या मनात चांदणं, तसं ते दोघांच्याही मनात होतं. त्यांनी राग गिळला आणि आपला बेत सांगितला. पास्टरांनी यावं, आणखी दोन जाणत्या बाया घ्याव्यात, सगळ्यांनी मिळून कमळला समजावावं, तिनं चूक कबूल करावी, आपण माफ करू.

सागरनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मावशी, प्रभूनं याच्या पायऱ्या सांगून ठेवल्यात. भावाचं चुकलं असं वाटलं तर आधी आपण एकट्यानं त्याच्याकडे जायचं, दोघांतच बोलायचं. त्यानं नाहीच ऐकलं तर एखाद-दोघांना बरोबर न्यायचं. मंडळीपुढे न्यायचं ते सगळ्यात शेवटी. आपण शेवटच्या पायरीवरून चढायला सुरुवात केली. आणि मी पाळक असून तुमच्या विनंतीला आमेन म्हणालो." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "तुम्ही एकट्याच जा."

एकटं जायचं म्हटल्यावर मैनाबाई अडल्या. चार माणसांत बोलायला त्यांना कधी भीती वाटली नव्हती. एका माणसासमोर बसून बोलायची वाटली.

शनिवारी सकाळी त्या रिक्षानं राहनाळला गेल्या. रस्ताभर कंटेनर, गोदामांचे निळे पत्रे, धूळ. रिक्षात त्या पहिलं वाक्य घोकत होत्या. आधी ठरवलं, "कमळ, तू असं का केलंस?" मग वाटलं, हा प्रश्न नाही, फटका आहे. दुसरं ठरवलं, "झालं गेलं विसरून जा." तेही खोटं, कारण त्या स्वतः काहीच विसरल्या नव्हत्या. गाव आलं तरी वाक्य सापडलं नव्हतं.

दारात भावना उभी होती, कमळची मुलगी. गोदामातल्या पॅकिंगची रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. तिनं आत्याला आत ये म्हटलं नाही.

"आता काय राह्यलंय, आत्या?"

"आईला भेटायचंय तुझ्या."

"भेटून काय करशील? आईचा आवाज गेलाय. त्या शुक्रवारी तुमच्या उपासनेतनं घरी आली ती मुकीच. तीन डॉक्टर झाले. घशात काय बी न्हाय म्हनतात."

मैनाबाईंनी दाराची चौकट धरली.

भावनाला रडायचं नव्हतं, पण बोलता बोलता तिचा बांध फुटला. दर शुक्रवारी, बाराच्या सुमाराला, आई हातातलं काम टाकून गळा धरते. आतून कुणी दोरा ओढून नेतंय, असं तोंड करते. मग दिवसभर पडून राहते. आधी संध्याकाळी उठायची, आता रविवार उजाडला तरी धाप जात नाही. पुढच्या शुक्रवारी काय होईल याची मला भीती वाटते, आत्या.

बारा वाजता शेवटची प्रार्थना व्हायची. मैनाबाईंनी मनात वेळ जुळवली. भावनाच्या डोक्यावरून हात फिरवून त्या आत गेल्या.

कमळ भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात परातीत भिजवलेले वाल. एकेका वालाचं साल काढून ती बिरडं वाटीत टाकत होती. दोन महिन्यांत बाई निम्मी झाली होती. तिनं मैनाबाईंकडे पाहिलं, आणि परात दोघींच्या मध्ये सरकवली.

मैनाबाई समोर बसल्या. पूर्वी कांडीच्या मशीनवर बसायच्या, तेवढ्याच अंतरावर. घसा साफ करून त्या म्हणाल्या, "कमळ, मी..." आणि त्यांचा आवाज त्या लहान खोलीत इतका मोठा वाटला, की त्या स्वतःच दचकल्या.

कमळचे ओठ हलले. "वरडू नका, ताई. मला ऐकू येतंय."

मैनाबाईंना ते वाचता आलं. मग त्यांनीही आवाज खाली ठेवला, कारखान्यात शिरताना चपला बाहेर ठेवाव्या तसा, आणि नुसत्या ओठांनी बोलल्या. घोकलेलं एकही वाक्य आलं नाही. आलं ते हे: "काय झालं व्हतं ते मला सांग. मी मधी बोलणार न्हाय."

वाल सोलताना मान खाली लागते. पण मान खाली घातली की ओठ दिसत नाहीत, म्हणजे ऐकूच येत नाही. म्हणून दोघी आधी सोलायच्या, मग थांबून एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. इतका वेळ मैनाबाईंनी कुणाच्या तोंडाकडे पाहिल्याला कित्येक वर्षं झाली होती. कमळचा खालचा ओठ फुटला होता. डोळ्यांखाली नवशाच्या आजारपणातली काळी वर्तुळं अजून तशीच होती. मैनाबाईंच्या मनात आलं, हिचा नवरा गेला तेव्हा आपण हिला जवळ घेतलं नाही.

कमळ सांगत गेली. शेवटच्या आठवड्यात नवशाला ऑक्सिजन लावला होता. बाळाराम रोज इस्पितळात यायचा, खाटेशेजारी फरशीवर बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. बाप गेल्यावर ह्यानंच नवशाला खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं, आणि बारा वर्षं त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावलेलं नाही. पाचव्या दिवशी नवशानं त्याचा हात धरला. म्हातारा लहान पोरासारखा रडला. तो घरी गेल्यावर नवशा कमळला म्हणाला, दादाला अग्नी देऊ दे. त्याला माझ्यासाठी तेवढंच करता येतं. मी कुठं चाललोय ते मला ठाऊक हाय. राखेतनं पण देव मला उठवल, त्याला काय अवघड. ताईला सांगू नको, ती दादाशी भांडल.

मैनाबाईंच्या ओठांवर चार गोष्टी आल्या. मला का नाही सांगितलं, मी सख्खी बहीण, दादाचा मान मोठा आणि प्रभूचा नाही का, आणि मुख्य म्हणजे, मी भांडले नसते. शेवटची तर धडधडीत खोटी होती. मध्ये बोलणार नाही असा शब्द दिलेला, म्हणून त्यांनी दात आवळले. तेवढ्यात हातातले तीन वाल चिरडून गेले.

"तुमी देवाला सांगितलं," कमळचे ओठ म्हणाले. "समद्या मंडळीला सांगितलं. मला इचारलं न्हाय. मी दोन हातावर बसले व्हते, ताई."

मैनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळून परातीत पडलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, हे सांगू की नको असा विचार करून, त्यांनी तेही सांगून टाकलं. "पण मला अजून पटत न्हाय, कमळ. त्याला माती द्यायला पायजे व्हती. खोटं कशाला बोलू."

कमळनं मान हलवली. रागावून नव्हे. "न पटू दे. पण माझ्या तोंडावर न पटू दे."

परातीतले वाल संपत आले. मग मैनाबाईंनी तिला शुक्रवारी आपल्याबरोबर चल म्हटलं. कमळनं दोन बोटं गळ्यावर ठेवली, आणि ती जे बोलली ते वाचताना मैनाबाईंच्या हातातला वाल तसाच राहिला.

"आवाज तिथंच हाय, खांबापाशी. मी माझ्याच विरुद्ध आमेन म्हनले, ते तोंडातनं गेलं ते परत आलंच न्हाय. दर शुक्रवारी मला तिथनं वढतंय. थोडाच राह्यलाय आता, ताई. तुमी सोडला, तुमीच आणा." आणि निघताना तिनं मैनाबाईंचा हात धरून एवढंच आणखी मागितलं, की नवशाचं बोलणं चारचौघांत सांगायचं नाही. बाळारामदादाच्या कानावर गेलं तर आपण नवशाच्या दयेवर अग्नी दिला असं म्हाताऱ्याला वाटेल.

सहा दिवस लूम खटाक-खटाक चालले आणि मैनाबाईंनी ते ऐकले नाहीत. शुक्रवारी त्या सगळ्यांच्या आधी जिना चढून गेल्या. चटया अंथरल्या. खांबाजवळची चटई अंथरताना बोटांना गार लागलं, एप्रिलच्या उकाड्यात. त्यांनी ती नीट सरळ केली.

पास्टरांनी शेवटी विचारलं, कुणाची प्रार्थना विनंती. मैनाबाई उभ्या राहिल्या. या वेळी डोळे उघडे ठेवून.

"विनंती न्हाय," त्या म्हणाल्या. "कबुली हाय. मी याच जागी उभी राहून माझ्या भावजयीबद्दल बोलले. जे बोलले ते मी तिला इचारलं नव्हतं. ते खोटं व्हतं. ती गावाला भ्यायली न्हाय, तिनं देवाला नाकारलं न्हाय."

मागून कुणीतरी हळूच विचारलं, मग तिनं तसं केलं का? बाकीचे सोळा चेहरे वर झाले. मैनाबाईंना क्षणभर फार मोह झाला. नवशाचे शब्द एकदा सांगितले असते तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, कमळ खरी ठरली असती, आणि थोडा मान आपल्यालाही मिळाला असता. त्यांनी ओठ मिटले, मग उघडले.

"ते तिचं हाय. तिला वाटलं तर ती सांगल. आमचं जे पटत न्हाय ते आमी दोघी समोरासमोर बसून बोलू. तुमी त्या दिवशी माझ्या बोलण्यावर आमेन म्हनलात. ते आज माघारी घ्या."

पास्टर सागरनं प्रार्थना केली, अगदी लहान, दोन वाक्यांची, आणि त्यातलं पहिलं स्वतःच्या चुकीचं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. कुणीही सूर ओढला नाही.

अर्धा श्वास गेला.

खांबाकडून काही आलं नाही. सगळ्यांनी वाट पाहिली, आता न लपवता, माना वळवून. पूर्ण श्वास गेला. दोन गेले. खाली चोवीस लूम उभे होते आणि वर इतकी शांतता होती, की क्रूसाच्या खिळ्यावरचा दोरा घासल्याचं ऐकू येत होतं. मैनाबाईंना आईचे शब्द आठवले. आवाज संपला की माणूस संपलं. आपण उशीर केला, त्यांना वाटलं. सहा दिवस उशीर केला. शनिवारीच सगळ्यांना गोळा करायला हवं होतं. त्या खांबाजवळच्या त्या चटईवरच खाली बसल्या. चटई आता गार नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. उपासनेत दुसऱ्याचा फोन वाजला की सगळ्यात आधी डोळे वटारणाऱ्या मैनाबाई, आज स्वतःचाच बंद करायला विसरल्या होत्या. नाव भावनाचं होतं. बटण दोनदा चुकलं.

"आत्या," भावना रडत होती की हसत होती ते कळेना. "आत्या, आई बोलली. आता, या मिंटाला. बिरड्याला फोडणी देत व्हती, अन मधीच..."

"काय बोलली?"

"आमेन म्हनली. एवढंच. अन सोताच दचकली."

मैनाबाईंनी फोन कानाला घट्ट धरला. पलीकडे फोडणीचा चर्र आवाज, भांड्यांची खडबड, भावनाचे हुंदके. मग कुणीतरी फोन हातात घेतला. अर्धा श्वास गेला.

"ताई." खरखरीत, विटका, पण पुरता कमळचा.

"बोल गं माझे बाय," मैनाबाई म्हणाल्या.

"ते मातीचं," कमळ म्हणाली. "मी लय इचार केला. तुमचं म्हननं मला बी अजून पटत न्हाय."

मैनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. बाकीची सोळा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"न्हाय ना? मग उद्या येते मी," त्या म्हणाल्या. "वाल भिजत घाल."